बारावा वाढदिवस

"आई, माझा बारावा वाढदिवस आपण कितीदा केला गं?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून इरावतीने सांजवात लावणाऱ्या आईला विचारून टाकलं.

आईच्या हातातली काडी विझली. "केक आवडतो ना तुला?" बाबा घाईने हसले.

मेंदूत किस्पेप्टिन हे संप्रेरक पाझरलं की मूल वयात येतं. मूल लहान राहिलं की आपणही तरुणच राहतो, असं मानून ते अडवणारे थेंब इथल्या सगळ्याच आया रोज दिवेलागणीला मुलांच्या नाकात घालत.

अंगणात शेजारची छबू दोरीवरच्या उड्या मारत होती. तिच्या दोन्ही वेण्या पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या, आवाज मात्र चिमणीसारखाच होता. "इरू, येतेस खेळायला?"

इरावती शहारली. आईने थेंबांची बाटली पुढे केली, तशी ती मागे सरली.

"आजपासून थेंब बंद. मी मोठी होणार! तुम्हीही आता खुशाल म्हातारे व्हा."