मेलेल्या जिवाणूंचा आलेख

बाईंनी दोन्ही फ्लास्क टेबलावर मांडले. दिसायला कालच्यासारखेच, किंचित गढूळ. फक्त सकाळी त्यांनी ते ऑटोक्लेव्हमध्ये चांगले शिजवून काढले होते, त्यामुळे आत एकही जिवाणू जिवंत उरला नव्हता. हे दोघांनाच ठाऊक होतं, बाईंना आणि सरांना.

कल्पना सरांची. त्यांच्या संशोधनात मदतनिसाची एक जागा रिकामी होती आणि अख्खा वर्ग तिच्यावर टपून बसला होता. तोंडी परीक्षेत सगळेच पोपट असतात, सर म्हणाले होते. मेलेलं कल्चर द्या आणि कोण काय आणून देतं ते बघू.

बाई मनातून हरखल्या. प्रयोगशाळा सांभाळता सांभाळता या कार्ट्यांची थेरं बघून त्यांचं डोकं उठलं होतं. नळी नीट धरता येत नाही आणि म्हणे शास्त्रज्ञ व्हायचंय! शिकवणारेही तसलेच, पाट्या टाकून घरी पळणारे. त्या इमारतीत सरळ माणूस एकच, सर. त्यांच्या निबंधातले आलेख बघायला बाहेरून लोक यायचे.

प्रयोग सोपा होता. एका फ्लास्कमध्ये जिवाणूंचा नेहमीचा वाण, दुसऱ्यात त्याचाच भाऊबंद, पण साखर पचवायचं जनुक मोडलेला. प्रत्येकाने दोन्हींतलं थोडं थोडं आपापल्या नळ्यांत घ्यायचं, दोघांना खायला तीच साखर. थोड्या थोड्या वेळाने यंत्रात गढूळपणा मोजायचा आणि आलेख काढायचा. पहिला वाढणार, दुसरा उपाशी राहणार. हे पुस्तकात छापलेलंच होतं आणि तिथेच सगळी मेख होती.

सुरुवातीला सगळे यंत्राभोवती माशांसारखे घोंघावले. मग आकडा हलेना तसे एकेक पांगले. कुणी कँटीनला गेलं, कुणी खिडकीत मोबाइल घेऊन बसलं. परत आले ते थेट कागद घेऊन. आधी सपाट, मग चढ, मग पुन्हा सपाट. मेलेले जिवाणू काय बाळसं धरत होते! बाईंना हसू आवरेना. त्यांनी उगाच कपाटाची काच पुसायला घेतली.

सगळ्यात जास्त तिडीक होती ती टापटीपची. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कोटामुळे पोरांनी त्याचं हे नाव पाडलं होतं. यंत्राकडे तो दोनदा फिरकला असेल नसेल. बाकी वेळ कोपऱ्यात पेन्सिल चावत बसला. आकडे लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. काय मेला खोटं बोलायलाही एवढा वेळ, बाई मनात म्हणाल्या. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, तेवढंही याला जमत नाही.

यंत्रापाशी शेवटपर्यंत उभी राहिली ती एकच मुलगी. ती बाईंच्या बहिणीची मुलगी होती, पण हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. उगाच वशिल्याचा बोभाटा नको म्हणून बाईंनीच तिला ताकीद दिली होती. डाव शिजत होता तेव्हाही त्यांनी तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं. जागा मिळवायचीच तर स्वतःच्या कमाईने.

दुपारी ती सामानाच्या खोलीत आली. चेहरा पार उतरलेला.

"मावशी, माझं एकही कल्चर वाढत नाहीये. सगळ्यांचं वाढलंय. माझ्याच हातून काहीतरी राहिलं."

"तुला जे दिसतंय ते लिही."

"आणि जागा गेली तर? बाबांनी आधीच सांगून ठेवलंय, ही मिळाली नाही तर शिक्षण पुरे, घरी ये. ते उद्याच न्यायला येतील."

एक शब्द बोलायची खोटी होती. पण सरांना दिलेला शब्द तो शब्द. त्यांनी तिच्या कोटाची कॉलर नीट केली.

"माझ्यावर विश्वास आहे ना? मग दिसलं तेवढंच लिहून दे. पुढचं मी बघते."

तिने तसंच केलं. दोन्ही रेषा जमिनीला चिकटलेल्या, खाली एक ओळ: दोन्ही वाण वाढले नाहीत, कारण समजलं नाही. तिचा कागद बघून टापटीप गालात हसला. हस लेका हस, बाईंनी मनात म्हटलं, शेवटी कोण हसतं ते बघू.

संध्याकाळी त्या गठ्ठा घेऊन सरांच्या खोलीत गेल्या. सरांनी दार लावून घेतलं आणि एकेक कागद उलटायला सुरुवात केली. प्रत्येक कागदावर नाक मुरडत होते. बाईंना बरं वाटत होतं. इतक्या वर्षांची या पोरांवरची जळजळ आज कुणीतरी वाटून घेत होतं.

भाचीच्या कागदावर सर थांबले.

"हिने खरं लिहिलंय," ते म्हणाले. "एकटीनेच."

बाईंचा ऊर भरून आला. ही माझी भाची, असं अगदी ओठांवर आलं होतं. बहिणीला आज फोन करून काय काय सांगायचं तेही त्यांनी ठरवून टाकलं.

सरांनी तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला आणि टापटीपचा वर काढला. चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"बाकीच्यांनी पुस्तकातली रेघ उतरवलीय, आंधळ्यालाही कळेल. याचं बघा. मध्ये एक आकडा घसरवलाय, शेवटचे दोन जरासे डगमगवलेत. मला आधी ठाऊक नसतं तर मीसुद्धा फसलो असतो," सर म्हणाले. "माझ्याकडे असाच हात हवा होता. उद्यापासून याला माझ्या लॅबमध्ये बसवा."