व्याह्यांचा मान

"बाटली आपली असली तरी आपण उघडायची नसते," मधुवंतीबाई म्हणाल्या. "वेटरला उघडू द्यायची. त्यालाही घोटभर हवी का विचारायचं. रीत असते एकेक."

त्यांचे व्याही हरेश्वर यांनी नुसती मान हलवली आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. दुपारी मुंबईहून सुटलेलं जहाज अलिबाग मागे टाकून गोव्याकडे चाललं होतं. बाहेर अजून उजेड होता. डाव्या अंगाला किनाऱ्याची काळपट रेघ दिसत होती, आणि त्या रेघेवर पुढे कुठेतरी त्यांचं श्रीवर्धन, त्यांची सुपारीची वाडी. काल दिघीची फेरी धरून, दोन गाड्या बदलून ते मुंबईला पोचले होते.

टेबलाशी चौघंच होते. मधुवंतीबाई, त्यांचा मुलगा सुश्रुत, सून मृणाली आणि मृणालीचे वडील हरेश्वर, म्हणजे तिचे दादा. मुलाच्या लग्नाचा पहिला वाढदिवस म्हणून मधुवंतीबाईंनी हा सगळा घाट घातला होता. जहाजावर माणसामागे एक बाटली वाइन नेता येते, हे त्यांनी आधीच वाचून ठेवलेलं. म्हणून चौघांच्या नावावर चार. बंदरावरच्या तपासणीत बाटल्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटल्या. मृणालीच्या आईनं दिलेला नारळाच्या वड्यांचा डबा मात्र तिथेच काढून ठेवला. घरचं खाणं चालत नाही म्हणे. वाइन चालते! आता काय बोलायचं?

आई आली नव्हती, तिला समुद्र लागतो. फोनवर मृणालीला एवढंच म्हणाली होती, "लक्ष ठेव गं त्यांच्यावर."

वेटर बाटली घेऊन आला. त्यानं चिठ्ठी वाचली, टेबलाला वळसा घातला आणि थेट दादांपाशी येऊन उभा राहिला.

"दादांना नको," मृणाली पटकन म्हणाली. "ते घेत नाहीत."

"ठाऊक आहे गं मला. पण त्यांच्या नावाची आहे ना!" मधुवंतीबाई हसल्या. "चारांतली सगळ्यात भारी मुद्दाम त्यांच्या नावावर लावली. लग्नात बिचारे तीन दिवस तापानं पडून होते, मानपान राहूनच गेला. आज व्याह्यांचा मान. ज्याच्या नावाची बाटली, त्यानं पहिला घोट घ्यायचा, बरी आहे म्हणायचं, मग बाकीच्यांना."

ताप कसला नि काय! ते तीन दिवस दादा कार्यालयाच्या मागच्या खोलीत पिऊन पडले होते. बाहेरून कुलूप घातलं होतं आणि चावी नवरीच्या पर्समध्ये होती. निघायच्या वेळी मृणाली त्या खोलीत गेली, त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "सोडा दादा. माझ्यासाठी." महिनाभर माणूस झगडला आणि खरंच सोडली. आज अकरा महिने झाले होते. एक थेंब नाही.

वेटरनं बूच काढलं. तळाला जेमतेम येईल एवढी वाइन ग्लासात ओतली आणि ग्लास दादांपुढे सरकवला. "सर, टेस्ट कर लीजिए."

वास आला. दादांनी दोन्ही हात टेबलाखाली नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"अहो, द्राक्षाचा रस तो," मधुवंतीबाई म्हणाल्या. "नुसता ओठाला लावा. रीत म्हणून."

"दादा, आईनं एकदा मनावर घेतलं की सुटका नाही हं," सुश्रुत हसत म्हणाला. शेजारच्या टेबलावरचे लोकही वळून बघायला लागले.

दादांनी ग्लासावरची नजर काढली आणि सरळ मधुवंतीबाईंकडे पाहिलं. "विहीणबाई, एक सांगायचं होतं. बरेच दिवस मनात आहे. लग्नाच्या वेळी मी..."

"दादा!"

सुश्रुतलाही मृणालीनं काही सांगितलं नव्हतं. वर्षभर झाकून ठेवलेलं सगळं आता असं चारचौघांत, वेटरच्या देखत बाहेर पडणार होतं. तिला नवऱ्याची लाज वाटली, सासूची वाटली, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वडलांची वाटली.

"घ्या ना," ती म्हणाली. "एकच घोट. माझ्यासाठी."

दादा तिच्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. रागवायला हवं होतं. मग त्यांनी एक हात वर काढला आणि ग्लास उचलला.

"छान आहे," ते म्हणाले.

मधुवंतीबाईंनी टाळ्या वाजवल्या. सुटले बाई एकदाची, असं मृणालीला वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

वेटर ओतत निघाला. आधी मधुवंतीबाई, मग मृणाली, मग सुश्रुत. "ज्याची बाटली, त्याचा ग्लास सगळ्यात शेवटी," मधुवंतीबाई समजावून सांगत होत्या. "तोवर त्यानं थांबायचं."

दादा थांबले होते. खिडकीकडे आता त्यांचं लक्ष नव्हतं. एकेका ग्लासागणिक बाटलीतली वाइन खाली जात होती, आणि त्यांची नजर तिच्याबरोबर खाली जात होती. ही नजर मृणालीला शाळेत असल्यापासून पाठ होती.

वेटर फिरून दादांपाशी आला. मृणालीनं हात लांब केला आणि त्यांच्या ग्लासावर पंजा ठेवला.

"अगं, घेऊ दे की त्यांना! अजून तीन आहेत," मधुवंतीबाई म्हणाल्या.

दादांनी मृणालीची बोटं ग्लासावरून काढली. हळूच, एकेक करून, तिला जराही न दुखवता.