एकविसावा मजला

शहरातली पहिली एकवीस मजली इमारत माधवराव वेलकरांनी बांधली खरी, पण ती वाऱ्यानं पडेल म्हणून तिथं जागा कुणी घेईना. शेवटी तेच सहकुटुंब सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायला गेले.

ऑक्टोबरात वादळाचा इशारा आला, तसे ते बायकोला म्हणाले, "मुलींना घेऊन चार दिवस माहेरी जाऊन ये."

हेमांगिनीबाईंच्या मनात पाल चुकचुकली. "आणि तुम्ही?"

"मी इथंच. लोक बघताहेत."

"इमारत पक्की आहे, तर आमची पाठवणी कशाला?"

"गणित पक्कं आहे गं," माधवराव चाचरत म्हणाले. "पण आजवर मी चार मजली घरं बांधली. एवढ्या उंचावर वादळ कसं लागतं, मलाही ठाऊक नाही."

हेमांगिनीबाईंनी मुलींना माहेरी पोचवलं आणि संध्याकाळी त्या एकट्याच परतल्या. वादळात भिंतीवरच्या तसबिरी हलल्या, इमारत मात्र उभी राहिली.

आठवड्याभरात जागा बघायला माणसं येऊ लागली. "तुम्हाला भीती नाही वाटली?" एकीनं विचारलं.

"वाटली ना. यांनाही वाटली," हेमांगिनीबाई म्हणाल्या. "तसं खरं सांगितलं, म्हणून तर मी परत आले."