मंगळवारचं पाणी

खुदोयदोद तीस वर्षं पामीरातल्या आपल्या गावाचा पाटकरी. पाण्याच्या पाळीत स्वतःची जर्दाळूची बाग त्याने कायम शेवटी ठेवली. यंदा पाटाचं पाणीच घटलं, आणि तिच्यापर्यंत ते पोचलंच नाही.

पायाला प्लास्टर, म्हणून तो अंगणात बसून होता. तेवढ्यात बागेतून पाण्याची खळखळ ऐकू आली. त्याची पाळी शुक्रवारची, आणि आज मंगळवार.

"कुणाचं पाणी वळवलंस गं?" तो बायकोवर ओरडला. "लोक तोंडावर थुंकतील माझ्या! फावडं आण, पाटाचं दारं बंद करतो."

"मी कशाला वळवू? आणि फावडं सकाळीच सावसन घेऊन गेली."

कुबडी टेकत तो शेजारी गेला. सावसन ओट्यावर बसून मिठाचा चहा पीत होती.

"चोर कोण, ते सांग आधी."

"वरची अठरा घरं, काका. प्रत्येकाने आपल्या पाळीतली दहा मिनिटं तुमच्या बागेला दिली."

"दहा मिनिटं? अगं, कांदा वाळेल तुझा! फावडं दे इकडं."

"तीस वर्षं तुमचंच ऐकलं," सावसनने दुसरा पेला भरून त्याच्यापुढे सरकवला. "फावडं संध्याकाळी मिळेल. बसा."