नव्वद अंशाला एकशे त्रेसष्ट

“प्रयोग केलाच नाहीस ना?” मी तिचं जर्नल टेबलावर आपटलं.

थायरिस्टर हे इलेक्ट्रॉनिक स्विच वापरून दिव्याचं व्होल्टेज कमी-जास्त करायचा साधा प्रयोग. बाकी एकोणतीस मुलांनी नॉब नव्वद अंशाला असताना एकशे त्रेसष्ट व्होल्ट लिहिले होते. बरोबरच होतं. मी याच पॉलिटेक्निकचा विद्यार्थी. याच आकड्यावर मला पैकीच्या पैकी मिळाले होते. आता परीक्षक म्हणून आलो, तर हिच्या तक्त्यात सगळीकडे शून्य!

“केला सर. दिवा लागलाच नाही.”

“बाकीच्यांचा बरा लागला? चल, दाखव करून.”

तिने किट चालू केलं, नॉब शेवटपर्यंत फिरवला. दिवा लागला नाही.

“हिने वायरी चुकीच्या जोडल्यात, सर,” लॅब असिस्टंट घाईने पुढे आला. “किट उत्तम आहे. उघडायची गरज नाही.”

उघडायचं नाव कोणी काढलं होतं? मी स्क्रू ड्रायव्हर मागितला.

आत थायरिस्टरच्या जागी दोन रिकामी भोकं होती. शेजारी धुळीने माखलेली चिठ्ठी: ‘जळाले. नवे मागवले आहेत.’

खाली तारीख होती. मी इथे प्रवेश घेतला, त्याच्या आदल्या वर्षीची.