अर्धा कान

प्रदर्शनात सगुणाबाई शेळके एका जुन्या छापील चित्रापाशी थबकल्या. घोडेस्वार तलवार उपसून निघालेला. खाली पाटी, ‘अज्ञात शिलेदार, पहिलं महायुद्ध, १९१७.’

“अगं बाई, हे तर आमचंच!”

संग्रहालयातली मुलगी धावत आली. “कोण, तुमचे आजेसासरे?”

“छे गं! ते चौदा सालीच पडले, घरी पत्र आलं होतं. हा गडी कोण, देव जाणे. पण घोडी आमची! लांडग्याशी झुंजताना उजवा कान अर्धा तुटला होता तिचा.”

मुलीनं वाकून पाहिलं. कान खरंच अर्धा होता.

“शिलेदार आपणहून जायचा, घोडं घरचं घेऊन. धनी गेला, तरी तीन वर्षं लढतच होती बघ आमची पोर!”

“नाव काय हो तिचं?”

“मोरणी.”

मुलीनं नवी पाटी लिहिली, ‘शेळक्यांची मोरणी. स्वार अज्ञात.’