स्वच्छ माणसाचं आतडं

"पुढचं," मोठे डॉक्टर म्हणाले आणि खुर्चीत रेलले.

त्यांच्या सुनेने कळ दाबली. अंधाऱ्या खोलीतल्या पडद्यावर आणखी एक आतडं आलं. करडं, वेटोळं, बिननावाचं. चित्रं वाचताना नावावर चिकटपट्टी लावायची, हा नियम खुद्द मोठ्या डॉक्टरांचा. नाव कळलं की दया येते, असं ते म्हणत. त्यांच्या बाबतीत तो धोका कधीच नव्हता.

ते रुग्णालयाचे प्रमुख आणि ती त्यांच्या हाताखाली सोनोग्राफी करणारी डॉक्टर. तिचं माहेर खाली किनाऱ्यावर. रुग्णालयाचं सांडपाणी तिथल्याच खाडीत पडायचं आणि वस्ती त्याच खाडीतल्या शिंपल्यांतली कालवं खायची. तिचे वडील पोटाच्या दुखण्याने गेले होते, आता भावाने अंथरूण धरलं होतं. ते गटार बंद व्हावं म्हणून तिने हा अभ्यास उभा केला. वस्ती तपासली, तुलनेला रुग्णालयातली सगळी माणसं तपासली. प्रमुख मात्र ढिम्म.

"ही भिंत बघ, कशी टरारून सुजलीय," त्यांनी पेनाने पडदा टोचला. "हा वस्तीतला. डोळे मिटून सांगतो."

"कालवांमुळेच ना, सर?"

"कालवं, कालवं! अगं, यांना हात धुवायची अक्कल नाही, पाणी उकळायचा कंटाळा, दिवस मावळला की बाटली. आणि खापर आमच्या गटारावर? तुझ्या माहेरचे आहेत म्हणून जरा सौम्य बोलतोय."

तिने मान डोलावली. लग्न झाल्यापासून ती मानच डोलावत आली होती. या घरात समुद्रातला कचरा शिजणार नाही, ही ताकीद पहिल्याच दिवशी मिळाली होती. सासूबाई गेल्यावर स्वयंपाकघर तिच्याकडे आलं. तिच्या हातचं सूप ते वाटीवाटीने भुरकत. पाहुण्यांना सांगत, सुनेत कौतुक करण्यासारखं तेवढंच आहे.

"गटाराच्या चौकशी समितीला तुम्ही अट लिहून दिलीय, सर."

"दिलीय की! आजही तेच म्हणतो. एक माणूस आण. स्वच्छ, शिस्तीचा, निर्व्यसनी. कालवांनी त्याचं आतडं असं झालेलं दाखव, गटार बुजवतो. मिळाला का एक तरी?" ते खदाखदा हसले. "स्वच्छ माणूस ती घाण तोंडात घालतच नाही, पोरी."

ते खरंच होतं. असा माणूस तिने खूप शोधला होता.

"मग याचं काय लिहू?"

"लिही, वर्षभर तरी कालवं पोटात गेलीत. फार दिवसांचा सोबती नाही. आणि 'मी कालवं खात नाही' असं सांगितलं असेल, तर खोटारडा असंही लिही."

"नक्की ना, सर? सही कराल?"

त्यांनी कागद ओढून झोकात सही केली.

मग तिने पडद्याच्या कोपऱ्यावरची पट्टी सोलली. मोठे डॉक्टर बराच वेळ स्वतःचं नाव वाचत राहिले.

"मी... मी जन्मात कधी..."

"खोटारडा नाही लिहीत, बाबा," ती म्हणाली. "कालवं मी शिजवत होते, तुम्हाला कुठं माहीत होतं."